जूनमधली सावली कुठे पडते

आमच्या शाळेच्या संगणक खोलीत चपला काढून जावं लागे. असा नियम कुणी लिहिला नव्हता. पण पहिल्याच दिवशी नारळ फोडला, प्रत्येक मशिनवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि मग तिथं चपला घालून जायची कुणाची छाती झाली नाही. सहा संगणक, त्यांच्यावर शिवणाच्या बाईंनी शिवलेली फुलाफुलांची झाकणं. किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात. धूळ येऊ नये म्हणून खिडक्या बंद आणि मुलं येऊ नयेत म्हणून दार बंद.

ही दोन हजार तीन-चारच्या आसपासची गोष्ट. मी तिथं सहावी-सातवीला विज्ञान आणि भूगोल शिकवायची. घर नाशिकजवळ मखमलाबादच्या मळ्यात, शाळा तिथून जवळच. वडील झेंडू आणि गुलाब लावायचे, मधल्या वाफ्यांत मेथी-कोथिंबीर. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले आणि त्याचा मला गर्व होता. होता म्हणजे अजून आहे, लपवून काय करू.

शाळेतली खोली बंद, म्हणून मी शनिवारी शाळा सुटली की नाशकातल्या कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेत जायची. तिथंच मला कळलं की जगात कुठं कुठं बसलेले शिक्षक आपले पाठ, आकृत्या, प्रयोग इंटरनेटवर टाकून ठेवतात. खाली लिहिलेलं असायचं, घ्या, वापरा, दुसऱ्यांना द्या. हे वाचून मी कितीतरी वेळ स्क्रीनकडे बघत बसले होते. आमच्या शिक्षक खोलीत एक बाई आपल्या पाठाच्या टाचणाची वही कपाटात कुलूप लावून ठेवायच्या.

घरी वडिलांना सांगितलं. आम्ही त्यांना नाना म्हणायचो.

"फुकट?" नाना म्हणाले. "फुकट कोन देतं? काय तरी खपवायचं असंल त्यान्ला."

"नाही नाना, शिक्षकच आहेत. आपला पाठ दुसऱ्याला देतात."

"मंग भले लोक हायेत. हितं शेजारी बियाणं दाखवत नाय."

इंटरनेटवरच्या त्या पानांतलं एक पान सावलीचं होतं. सपाट जमिनीवर काठी उभी रोवायची, दुपारी बारा वाजता तिची सावली बघायची, सावली जिकडे ती उत्तर दिशा. पान परदेशी शाळेचं, इंग्रजीत. मी शब्दकोश घेऊन बसले आणि त्याचं मराठी केलं. जानेवारीत सहावीच्या मुलांना मैदानात नेलं, होकायंत्र ठेवलं, काठी रोवली. बाराला सावली जरा डावीकडे होती, पण थोडा वेळ थांबलो तर बरोबर होकायंत्राच्या सुईवर आली. मुलं काठीभोवती उकिडवी बसून राहिली, घंटा झाली तरी उठेनात.

मुख्याध्यापक ते वरच्या गॅलरीतून बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि किल्ली टेबलावर ठेवली.

"बाई, आजपासून खोली तुमच्याकडे. पण एक सांगून ठेवतो. काही भलतंसलतं झालं, शाळेचं नाव खराब झालं, तर खोली पुन्हा बंद."

झाकणं निघाली. शाळेच्या फोनच्या वायरीवरून इंटरनेट आलं, म्हणजे आम्ही आत असलो की ऑफिसचा फोन एंगेज. आठवड्याला तीन तास माझी मुलं तिथं बसू लागली. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी त्याआधी संगणक बघितला होता तो बँकेच्या काचेपलीकडचा. वरच्या वर्गांना भूगोल शिकवणारे जुने सर मात्र मला जाता-येता टोचत. "काय बाई, तुमच्या त्या डब्यात आज सूर्य कितीला उगवला?"

मी म्हणायची, "तुमच्या नकाशातल्यापेक्षा लवकर, सर." सगळे हसायचे, तेही हसायचे.

त्या वर्षी जुलैत जिल्ह्यातल्या शिक्षकांचं प्रशिक्षण नाशकात ठरलं. आमच्या शाळेनं इंटरनेटवरच्या साहित्याचा उपयोग दाखवायचा आणि मी ते सावलीचं पान सगळ्यांना वाटायचं. मुख्याध्यापकांनी उत्साहानं दीडशे झेरॉक्स काढून घेतल्या.

जूनमध्ये शाळा उघडली. महिनाअखेरीला, प्रशिक्षणाची तालीम म्हणून मी नव्या सहावीला घेऊन पुन्हा मैदानात गेले. ढग होते, पण मधून मधून चांगलं ऊन पडत होतं. काठी रोवली, होकायंत्र ठेवलं. बारा वाजता सावली पश्चिमेला. थांबलो. सावली आखडत आखडत चार बोटांची झाली आणि सरकत सरकत होकायंत्राच्या सुईच्या बरोबर उलट्या टोकावर जाऊन बसली.

एक मुलगी, दोन वेण्यांची, आमच्याच मळ्यांच्या बाजूची, म्हणाली, "बाई, ही तर गंगेकडं पडली."

नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि आमच्याकडून गंगा दक्षिणेला.

मी काठी पाहिली. होकायंत्र हातात घेऊन हलवलं. मग म्हणाले, "काठी तिरकी झालीय तुमची."

"नाय बाई, सरळ हाय. ओळंबा लावलाय."

"सावली केवढीशी आहे, त्यात दिशा काय कळणार? पानावर आहे ते लिहा. उत्तर."

मुलांनी लिहिलं. त्या मुलीनंही लिहिलं. लिहिताना तिनं एकदा सावलीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी घरी आले तर नाना पंपाच्या खोलीमागून झेंडूच्या रोपांच्या पाट्या उचलून पलीकडच्या बाजूला नेत होते. मी पदर खोचून हाताखाली गेले.

"कशाला हलवताय? आडोशाला चांगली होती की."

"आडोसा कसला? ह्या भिताडाला आता सकाळ-संध्याकाळ ऊन येतंय. रोपं करपतील."

"ही तर उत्तरेची भिंत."

"मंग? ज्येष्ठ-आषाढात येतंच हिच्यावर. दीड-दोन महिने राहतं, परत जातं. ह्या दिसांत सावली गंगेच्या अंगाला." त्यांनी पाटी खाली ठेवली. "तुला म्हाईत नाय व्हय? हितंच तर भातुकली मांडायची तू. ऊन आलं की बोंबलत पलीकडं जायची."

मी उरलेल्या पाट्या उचलून नेल्या. दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. घरी येऊन मी अंगणात माझ्या उंचीचा बांबू रोवला, ओळंबा धरला. बाराला सावली पश्चिमेला. साडेबारा उलटून पाच मिनिटं झाली तेव्हा सगळ्यात आखूड, आणि सरळ दक्षिणेला. काठी तिरकी नव्हती. मुलांचं होकायंत्रही बिघडलं नव्हतं.

खरी लाज वाटली ती पुढच्या विचारानं. नाशिक कर्कवृत्ताच्या खाली आहे. अशा ठिकाणी सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावर येतो आणि मधले दिवस तो आपल्या उत्तरेला असतो. आणि आपली घड्याळं पूर्वेकडच्या रेखावृत्तावर लावलेली, म्हणून आपल्याकडं खरी मध्यान्ह बाराच्या नंतर अर्ध्या तासानं होते. हे मला माहीत होतं. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते, हे मी फळ्यावर गोल काढून सातवीला शिकवलं होतं. ते पान ज्या गावच्या शिक्षकानं लिहिलं तिथं सूर्य कधीच डोक्यावर येत नसेल. त्याचं त्याच्या गावापुरतं बरोबर होतं. पण ते इंग्रजीत होतं, संगणकावरून आलं होतं आणि मी ते कष्टानं मराठीत आणलं होतं. त्याच्यापुढं मला माझं शिक्षणही आठवलं नाही आणि माझं अंगणही. शिकलेल्या माणसाला लोक म्हणतात, पुस्तकी. मला ते नेहमी अज्ञान्यांचं बोलणं वाटायचं.

सोमवारी वर्गात गेले आणि आधी तेच सांगितलं. "शुक्रवारी सावली बरोबर होती, मी चुकले. उत्तर खोडा, दक्षिण लिहा. आणि बारा खोडून बारा पस्तीस करा."

 मग दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली. "बाई, मग परीक्षेत काय लिहायचं? पुस्तकात तर बाराच लिव्हलंय."

"सहावीची परीक्षा मीच घेणार. बघितलं ते लिहायचं."

"आन् बोर्डात?"

"बोर्ड अजून चार वर्षं लांब आहे. बस खाली."

मग मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात ठेवला.

"आत्ता सांगताय? परवा प्रशिक्षण आहे. दीडशे प्रती पडल्यात." मग आवाज खाली करून, "बाई, चालवून घ्या. कोण कुठं काठी लावून बघतंय?"

"सर, काठी लावून बघा असंच लिहिलंय त्यात."

"मग जूनबद्दल बोलू नका. जानेवारीचं सांगा. खोटंही नाही आणि बोभाटाही नाही. खोली उघडी राहिली पाहिजे असं तुम्हालाच वाटतं ना?"

वाटत होतंच. त्या दोन दिवसांत मी जानेवारीचं भाषण तयारही केलं, तालीमही केली. चांगलं जमत होतं. पण जानेवारी म्हटलं की ती मुलगी डोळ्यांपुढं यायची, माझ्याकडं न बघता उत्तर लिहिणारी. तशा दीडशे वर्गांत तशा दीडशे मुली असणार होत्या.

प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये पंखे गरगरत होते, लोक चहाची वाट बघत होते. मुख्याध्यापक पहिल्या रांगेत. मी पान वाटलं आणि म्हणाले, "हे पान फुकट मिळालंय आणि चांगलं आहे. पण 'बाराची सावली म्हणजे उत्तर' या दुसऱ्या ओळीवर काट मारा. ती आपल्याकडं जून-जुलैत खोटी ठरते. मी ती मुलांना खरी म्हणून लिहायला लावली." मग बांबूचं सांगितलं, झेंडूच्या रोपांचंही सांगितलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे इंटरनेटपेक्षा झेंडूवाले हुशार."

"हो," मी म्हणाले. "माझे वडील आहेत ते."

हसू आलं तसं थांबलं. मग इगतपुरीकडचे एक गुरुजी उठले. "बाई, आमच्याकडं जूनपास्नं तीन महिने पावसात सावलीच नसते. आम्ही काय करू? छत्रीची मोजू?" सगळा हॉल हसला, मीही. कळवणच्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, "प्रत्येक महिन्याला कुठं पडते, ती जागा कोरी ठेवून नवं पान कराल का? आम्ही आमच्या गावची भरू." मला ते सुचलंच नव्हतं. करते म्हणाले, आणि पुढं केलंही.

मुख्याध्यापक मात्र हसले नाहीत. शाळेत परतल्यावर त्यांनी हात पुढे केला. मी किल्ली दिली. भूगोलाचे जुने सर बाहेर उभे होते. मला वाटलं, आता टोमणा येणार. ते म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं शिकवतोय. काठी एकदाही लावली नाही मी." आणि तासाला निघून गेले.

खोलीवर झाकणं चढली. मुलांनी विचारलं, "तुमच्या चुकीमुळं बंद झाली का बाई?"

"चुकीमुळं नाही, सांगितल्यामुळं," असं तोंडावर आलं होतं. पण ते पूर्ण खरं नव्हतं. "दोन्हींमुळं," मी म्हणाले.

मी माफीनामा लिहिला नाही. खोली उघडावी असा अर्ज लिहिला. आठवड्यानं दुसरा लिहिला. तिसऱ्या अर्जावर, ज्याच्याखाली भूगोलाच्या सरांनीही न विचारता सही केली होती, मुख्याध्यापकांनी शेरा मारला: आठवड्यातून एक तास, आमच्या उपस्थितीत. तीनाचा एक झाला. मी तो घेतला.

त्या पहिल्या तासाला मुख्याध्यापक दारात खुर्ची टाकून बसले. मुलांनी चपला काढल्या, एकेका संगणकापुढं सात-आठ जण दाटीनं बसले. मी ते मूळ पान उघडलं. खाली शिक्षकाचा पत्ता होता, चूक आढळल्यास कळवा. मुलांना म्हटलं, कळवू या. अर्धा तास आम्ही इंग्रजीशी झोंबलो. फळ्यावर वाक्य लिहायचं, खोडायचं. माझंही इंग्रजी काही फार नव्हतं, ते मुलांना कळलं आणि त्यांना बरं वाटलं. शेवटी तीन ओळी झाल्या: आमचं गाव कुठं आहे, जूनमध्ये आमची सावली कुठं पडते, आणि तुमचं पान आम्हाला आवडलं. तिसरी ओळ घालायचा हट्ट दोन वेण्यांच्या मुलीचा.

"चूक काढलीय ना आपण," एक मुलगा म्हणाला, "मग आवडलं कशाला?"

"मग काय नुसती चूकच काढायची का?" ती म्हणाली, आणि तिनंच एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, ती ओळ टाइप केली. दारातून सर म्हणाले, "लवकर आटपा, फोन एंगेज आहे." पण उठले नाहीत, ओळ पूर्ण होईपर्यंत बसून राहिले.