दामूभाऊंनी कापून दिलेली झोप

दामूभाऊ गेले तेव्हा मी झोपले होते. हे एक वाक्य लिहायला मला सहा आठवडे लागले. झोपले होते म्हणजे नुसती डोळे मिटून पडले नव्हते, चांगली गाढ झोपले होते आणि हॉलमधल्या टेबलावर माझा फोन वाजत होता. सकाळी उठून चहा टाकला, फोन हातात घेतला, तर त्यांच्या बायकोचे, सुलभावहिनींचे दोन मिस्ड कॉल, पावणेपाचचे. दोनच. तशीच बाहेर धावले, तर समोरच्या दाराला कुलूप... खाली वॉचमनने सांगितलं, पाटीलसाहेबांच्या छातीत दुखायला लागलं, मीच रिक्षा आणून दिली, दोघं हॉस्पिटलला गेले. मी गाडी काढून पोचले तेव्हा वहिनी बाकावर बसल्या होत्या आणि सगळं संपलेलं होतं.

एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या इमारतीत आमची दारं समोरासमोर, मधे चार पावलं. त्यांचा मुलगा पुण्याला, मी एकटी. त्यांची किल्ली माझ्याकडे, माझी त्यांच्याकडे, आणि गाडी फक्त माझ्याकडे. तेव्हा अडीअडचणीला पहिली हाक मला मारायची, हे न बोलता ठरलेलं होतं. ती हाक आली आणि मी उठले नाही. अर्धा तास आधी आणलं असतं तरी फारसा फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. ते मला पटलं, पण पटून काही उपयोग नव्हता. मला टोचत होतं ते निराळंच. वहिनी दोनच फोन करून का थांबल्या? चार पावलांवर बेल होती, ती का नाही वाजवली? त्या माझ्यावर रागावल्या आहेत, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं. दिवसकार्य झालं, मुलगा परत गेला, तरी विचारायची हिंमत होईना.

आणि ही झोप तरी कुठली? दामूभाऊंनीच मला दिलेली. त्यांच्या भेटीआधी मला झोप नव्हतीच. बोटं, मनगटं, गुडघे आणि लहर आली की उजवा खांदा, असा माझा संधिवात. मी शाळेत मराठी शिकवते. दिवसा वर्गातल्या गलक्यात दुखणं मागच्या बाकावर बसून असायचं, दिवा मालवला की पुढे यायचं. या कुशीवर खांदा, त्या कुशीवर गुडघा, उताणं झालं की मनगटं. तीन वर्षांपूर्वी या इमारतीत राहायला आले तेव्हा माझी अवस्था अशी होती की परीक्षेच्या वर्गावर देखरेख करता करता खुर्चीतच माझा डोळा लागला. मुलांची त्या दिवशी चंगळ झाली असणार. मुख्याध्यापिका चांगल्या, त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या रात्री मी राजीनाम्याचा कागद लिहून काढला. अठ्ठावीस वर्षं केलेलं काम केवळ झोप नाही म्हणून सुटणार होतं.

दुसऱ्याच दिवशी लिफ्टपाशी दामूभाऊ भेटले. मी कोपराने लिफ्टचं दार ढकलत होते. सदुसष्ट वर्षांचा, उंच, किंचित लंगडत चालणारा माणूस. धड ओळखही झाली नव्हती. त्यांनी दार धरलं आणि विचारलं, "बाई, कोपरानं दार उघडता म्हनजे मनगटं गेलेली दिसतात. रातची झोप लागते का?" मला तोवर सगळ्यांनी दुखतंय का, हेच विचारलं होतं. झोप लागते का, असं विचारणारे ते पहिलेच. मी नाही म्हटलं आणि चक्क रडले, लिफ्टमध्ये, अनोळखी माणसासमोर. ते शांतपणे मजल्यांचे आकडे बघत राहिले.

दामूभाऊ मूळचे चांदीपचे, शेतकरी घरातले. पण त्यांची तीसेक वर्षं वालीवला एका छोट्या कारखान्यात गेली. तिथे प्रयोगशाळेतली काचेची उपकरणं खोक्यात भरून परगावी जायची आणि ती फुटू नयेत म्हणून फोम कापून त्यांच्यासाठी बिछाने करायचे, हे यांचं काम. नळीला नळीची खाच, चंबूला चंबूची. खोकं हलवायचं आणि कान लावायचा, खुट्ट झालं तर पोकळी राहिली. पुढे त्यांचे स्वतःचेच गुडघे आणि खांदे धरले तेव्हा या माणसाने काय करावं? सुट्टीच्या दिवशी घरी फोम आणला आणि स्वतःचं पॅकिंग केलं! मानेपासून घोट्यापर्यंत एकूण एक पोकळी भरून टाकली. कुठे खुट्ट म्हणून होणार नाही असा चोख बिछाना. रात्रभर तसूभर हलले नाहीत, आणि सकाळी उठताच येईना. सगळे सांधे लाकडासारखे. शेवटी इडली सोडवतात तसं वहिनींनी त्यांना कडेकडेने सोडवून बाहेर काढलं. हे ते स्वतःच सांगायचे आणि हसून हसून डोळे पुसायचे. "मालाला निजवत होतो ना मी," म्हणायचे, "मानसाला रातची कूस बदलायची असते, हे डोक्यातच नाय आलं."

त्या चुकीतून ते शहाणे झाले आणि त्या शहाणपणाचा फायदा मला झाला. एका रविवारी त्यांनी माझं माप घेतलं. घेतलं म्हणजे वहिनींनी घेतलं. मी त्यांच्या दिवाणावर कुशीवर आडवी झाले, वहिनी माझ्या शरीराखालच्या फटींत हात सारून बघत होत्या आणि दामूभाऊ स्वयंपाकघरात आमच्याकडे पाठ करून कागद-पेन्सिल घेऊन बसले होते. परक्या बाईमाणसाकडे कसं बघायचं!

"कमरेखाली चार बोटं," वहिनी ओरडल्या.

"बोटं तुझी का माझी?"

"तुमची कुठून आनू? माझीच!"

"मग तीन लिवतो."

पहिल्या खेपेचे तुकडे फसले. मऊ फोम चार दिवसांत दबून गेला. दुसऱ्या खेपेला त्यांनी घट्ट फोम आणला. दोन गुडघ्यांच्या मधे एक, वरच्या हाताखाली एक लांबट, मनगटाला टेकायला एक पसरट. कूस बदलली की तुकडे सहज सरकतील किंवा बाजूला करता येतील, असे. वहिनींनी जुन्या सुती साड्यांचे अभ्रे शिवले. मी पैशाचं काढलं तर दोघंही माझ्याकडे असं बघायला लागले की पुन्हा तो विषय काढला नाही.

मला वाटलं, झालं. पण दामूभाऊंच्या लेखी ती सुरुवात होती. दुसऱ्या आठवड्यात ते स्टूल घेऊन आले आणि माझ्या झोपायच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ काढून हॉलमध्ये लावलं. "रातची उठून बेरीज करता तुम्ही, किती झोपले नि किती उरलं." खरं होतं. फोनही हॉलमध्ये. वह्या तपासायच्या तर टेबलावर, गादीवर नाही. दुपारची डुलकी बंद. झोपायच्या आधी गरम पाण्यात हात बुडवून बोटं हळूहळू उघडायची-मिटायची, गुडघे वाकवायचे-सोडायचे. पडून झोप येईना तर तिथेच तळमळत बसायचं नाही, उठून खुर्चीत बसायचं आणि पेंग आली की परत आडवं व्हायचं. मी दुसऱ्यांना शिकवण्यात आयुष्य घातलेलं, त्यामुळे हे सगळं ऐकताना माझी जाम चिडचिड व्हायची. एकदा म्हटलंही, "दामूभाऊ, गृहपाठ द्यायचं काम माझं आहे." ते म्हणाले, "मग केला का, ते सांगा." आणि गोळ्यांच्या बाबतीत मात्र स्वतः एक अक्षर बोलायचे नाहीत. "ते डॉक्टरला विचारा. रातची गोळी कधी घ्यायची, विचारलंत का कधी?" मी खरंच कधी विचारलं नव्हतं. विचारलं, तर डॉक्टरांनी वेळ बदलून दिली.

दुखणं काही गेलं नाही, हे सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटायचं, चमत्कार झाला. आजही सकाळी पहिला कप मी दोन्ही हातांनी धरते. पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कधीतरी मी रात्री पडले आणि एकदम दूधवाल्याच्या बेलने जागी झाले. मधलं काही आठवतच नव्हतं! मी नाइटगाउनवरच समोरचं दार वाजवलं. दामूभाऊ दात घासत होते. मी म्हटलं, "लागली!" त्यांनी ब्रशसकट हात वर केला आणि आत वहिनींना ओरडून सांगितलं. मुलगा पास झाल्यासारखा त्या दिवशी त्यांच्याकडे शिरा झाला. राजीनाम्याचा कागद मी फाडून टाकला. आजही मी वर्गावर उभी आहे ती या माणसामुळे, आणि हे मी त्यांच्या हयातीत त्यांना नीट सांगितलं होतं, एवढं एक माझ्या हातून बरं झालं.

ते संत वगैरे नव्हते. हेकट होते. काठी घ्या म्हटलं की तोंड फिरवायचे. चांदीपला भावाच्या शेतावर गेले की लावणीत उतरायचे आणि मग तीन दिवस कण्हत वहिनींवर खेकसायचे. मला डॉक्टरांकडे पिटाळणारे हे गृहस्थ स्वतः मात्र डावा खांदा महिनाभर चोळत राहिले. संधिवातच आहे, म्हणायचे. तो संधिवात नव्हता. गेले त्याच्या आदल्या संध्याकाळीही ते माझ्याकडे आले होते, तोंडली घेऊन, भावाच्या मळ्यातली. खांदा चोळतच दारात उभे होते. मी म्हटलं, दाखवून या हो एकदा. "सोमवारी," म्हणाले. तो शुक्रवार होता.

तेव्हापासून मी फोन उशाशी घेऊन झोपायला लागले, आवाज मोठा करून. झोपायला कसली, पडायला. पुन्हा कुणी हाक मारली तर... या धास्तीने दर थोड्या वेळाने डोळे उघडायचे. बोटं सुजली, शाळेत पुन्हा जांभया सुरू झाल्या. गेल्या रविवारी वहिनींकडे जेवायला गेले होते. जेवणं झाल्यावर त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "बाई, तुम्ही झोपत नाय ना हल्ली?" मग मात्र माझा बांध फुटला. सगळं बोलून टाकलं. तुमचा फोन वाजला आणि मी झोपले होते, तुम्ही रागावला आहात, मला ठाऊक आहे, बेलसुद्धा वाजवली नाहीत...

वहिनी पदराशी चाळा करत म्हणाल्या, "फोन उचलला नाय म्हनून बेल वाजवायलाच निघाले होते. त्यांनी मनगट धरलं माझं. घामानं निथळत होते. म्हनाले, बाईंना नको उठवू, झोप लागलेली असंल त्यांना. मी म्हटलं, अवो, काय बोलताय, त्यांची गाडी हाय. तर म्हनाले, रिक्षा मिळते. त्यानंतर बोललेच नाय काय. बेचाळीस वर्सं संसार केला मी, आनि शेवटचं बोलनं कशाचं, तर तुमच्या झोपेचं! आला होता मला राग. तुमचा नाय, त्यांचा. म्हनून नाय सांगितलं कुनाला."

हे बोलता बोलता त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला. मीही. दोघींनी एकाच टॉवेलला नाकं पुसली. मग त्यांनी माझे दोन्ही हात, सुजलेली बोटं सांभाळून, आपल्या हातात घेतले आणि एकदम दटावल्यासारख्या म्हणाल्या, "आनि तुम्ही आता जागत बसनार? मग तो मानूस रिक्षानं कशाला गेला?"

मी तिथेच दिवाणावर कलंडले. भर दुपारचे अडीच वाजले होते, दामूभाऊंनी हे मुळीच चालवून घेतलं नसतं. दिवेलागणीपर्यंत झोपले. वहिनींनी उठवलं नाही.