एका पेटीतले बेडूक

सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या आमच्या चाळीत नळावरून खानदेशी आणि ओडिया बायकांची रोज भांडणं होत. वडील कामगार एकजुटीची पत्रकं लिहीत आणि मी ती वाचून पेटत असे. एका मासिकात निळे-पिवळे विषारी बेडूक एकाच काचपेटीत बसलेले पाहिले आणि ठरवलं, चाळीला एकी दाखवायचीच. डबक्यातून एक मोठा बेडूक आणि वेगळ्या जातीचे तीन चिमुकले आणून पेटीत ठेवले. वर पत्रक चिकटवलं.

सकाळी मोठा एकटाच उरला होता.

"काय रे भाऊ, पोटात झाली का एकी?" शेजारच्या काकू हसल्या.

वडील म्हणाले, "लहानमोठ्यांना कोंडून एकी होत नाही, हे त्याच पत्रकात लिहिलंय. वाचतोस की नुसतं चिकटवतोस?"

मी चरफडत पत्रक फाडलं. नळावर भांडण जुंपलं होतं. काकू सर्वांत पुढे होत्या.