दरफाळणीचा सण

गावात आम्हाला शनवार तेली म्हणत. शनवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली, सोपा हिशेब. आम्ही इस्रायली, ज्यू धर्माचे, असं कुणाला सांगायला जावं तर "म्हणजे मुसलमानच ना?" असं विचारत. पुढे पुढे मी सांगणंच सोडून दिलं. कोण घसा कोरडा करणार!

इंग्रजी शाळेसाठी अलिबागेत खोली घेऊन एकटा राहिलो आणि तो शनवारही गेला. शाळा शनवारी सकाळी भरायची. मी जायचो, लिहायचो, गणितं सोडवायचो. प्रार्थना तोंडपाठ होत्या, पण सोबतीला दुसरं कुणी नसलं की माणूस आळसावतो. एकेक करत सगळं सुटलं. उरला फक्त दरफाळणीचा सण. त्या सणाला आमच्यात आदल्या संध्याकाळीच घराचं दार लावून घेतात, पांढरे कपडे घालून कडक उपास करतात, आणि दुसऱ्या दिवशी चांदणी दिसेपर्यंत बाहेरच्या माणसाशी बोलत नाहीत. एवढं मात्र मी सोडणार नव्हतो. हट्टच म्हणा हवं तर.

मॅट्रिकच्या वर्षी मुंबईचे एक धनिक गृहस्थ शाळेत येणार होते. एक हुशार मुलगा निवडून त्याच्या कॉलेजचा सगळा भार ते उचलणार होते. मास्तरांनी माझं नाव पुढे केलं होतं. घाण्याच्या तेलावर कॉलेज होत नसतं. हे हुकलं की माझं शिक्षण संपलं, हे मला पक्कं ठाऊक होतं. गृहस्थ यायचे गुरुवारी, सण बुधवारी. मी निर्धास्त दार लावलं.

बुधवारी दुपारी दारावर थाप पडली. बाहेर मास्तर. गृहस्थ एक दिवस आधीच येऊन थडकले होते आणि संध्याकाळच्या बोटीने परत निघणार होते. मास्तर उन्हातून धावतपळत आलेले, त्यांची धाप मला आत ऐकू येत होती. आधी हाका मारल्या, मग कडी वाजवली, मग चांगलेच रागावले. मी दाराला टेकून उभा. बोलायचं नाही, म्हणजे दार का उघडत नाही तेही सांगायची सोय नाही. त्या गावात माझी काळजी करणारा तो एकच माणूस होता आणि तो फळीपलीकडे ओरडत होता. इतकं एकटं मला पुन्हा कधी वाटलं नाही. शेवटी ते हळूच म्हणाले, "आत असशील तर हुंकार तरी दे रे." मी तोंडावर हात दाबून धरला. थोड्या वेळाने त्यांच्या वहाणांचा आवाज दूर गेला.

निवड दुसऱ्याची झाली. गुरुवारी मी मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि परत कधी तो विषय काढला नाही.

मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी गेलो तेव्हा वाटलं होतं, बाबा तरी पाठीवर हात ठेवतील. पोराने इतकं सोसून रीत राखली, दुसरं काय हवं त्यांना? बाबांनी बैल थांबवला आणि माझं बोलणं संपेपर्यंत ते खालीच बघत राहिले.

"उघडायचंस की रे," ते म्हणाले. "देवाला आमी समजावलं असतं. तो आपलाच हाय. आता त्या मुंबईवाल्याला कोन समजावनार?"

ते बाजूला झाले आणि म्हणाले, आजपासून घाण्यावर तू बस.