सख्ख्या भावाविरुद्ध साक्ष

त्या जळक्या उसाचा वास मला अजून आठवतो.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी कडेगाव भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एके दुपारी एक विधवा बाई आली. तिचा तोडणीला आलेला ऊस कोणीतरी पेटवला होता. फिर्यादीत तिने चुलत दिरावर संशय घेतला. तिच्या रानात जायची वाट त्याच्या बांधावरून होती आणि ती त्याने अडवली होती. तहसीलदारांनी वाट खुली करायचा आदेश दिला, तर त्याने दिवाणी न्यायालयातून स्थगिती आणली.

दिराला चौकशीला बोलावलं.

"वाट अडवली हे खरं हाय, सायेब. पण उभं पीक जाळणारा मी न्हाई."

एक गोष्ट आपणहून कबूल करून दुसरी नाकारणाऱ्याचं नीट ऐकून घ्यावं, असा माझा अनुभव. मी अटक थांबवली. संध्याकाळी हवालदार खबर घेऊन आले. शेजारच्या पडीक रानात मेंढरं बसवणारा धनगर सांगत होता, "पेटवणारा बाईच्या घराकडनं आला. पाव्हणा हुता कुणीतरी."

पाहुणा म्हणजे बाईचा सख्खा भाऊ, फौजेतून निवृत्त झालेला. त्याला बोलावलं. तो ताठ बसून प्रत्येक प्रश्नाला "नाही सर" एवढंच म्हणत होता. शेवटी मी बहिणीला आत घेतलं. ती भावाकडे न बघता म्हणाली, "सायेब, फिर्याद देऊन घरला गेले, रडत हुते, तवा दादा म्हणला, रडू नगं, ऊस मीच पेटवलाय. दीर आत गेला की वाट आपलीच."

भावाची मान खाली गेली. "तहसील झालं, दिवाणी झालं. म्हटलं, फौजदारीत अडकला की मिटंल सगळं."

"मिटलं नसतं," मी म्हणालो. "वाटेचा अर्ज तहसीलदारांपुढे, हक्काचा वाद दिवाणी कोर्टात. फौजदारी कोर्ट फक्त आग कुणी लावली ते बघतं. तो तुरुंगात गेला असता, तरी वाट बंदच राहिली असती."

पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही. धनगरानेही लांबूनच पाहिलं होतं. म्हणजे सगळं बहिणीच्या साक्षीवर होतं. ती फिरली असती, तर भाऊ सुटला असता आणि दिरावरचा डाग तसाच राहिला असता.

वहिनीने खरं सांगितल्याचं कळलं तसा दुसऱ्या दिवशी दीर ठाण्यात आला. "जळका ऊस लगेच कारखान्याला गेला पायजे, न्हाईतर वाया जातोय. वैनीला सांगा, माझ्या बांधावरनं ट्रॅक्टर घाला." पुढे त्याने दावाही काढून घेतला.

आमच्या तालुक्यात दिवाणी आणि फौजदारी, दोन्ही कामं एकाच न्यायाधीशांपुढे चालत. सुनावणीत त्यांनी बाईला विचारलं, "तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"हाय, सायेब. दर वर्साला राखी बांधते त्याला," ती म्हणाली आणि जे ऐकलं होतं ते सगळं सांगितलं.

भाऊ दोषी ठरला. पहिलाच गुन्हा म्हणून न्यायालयाने त्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. बाहेर आल्यावर तो बहिणीशी बोलला नाही. ती मात्र त्याची पिशवी उचलून त्याच्या मागून एस.टी. स्टँडकडे चालत गेली.

कोणतं काम कोणत्या न्यायालयाचं, हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. तिथं उभं राहून खरं बोलायला माणसाला काय मोजावं लागतं, ते मला त्या बाईने दाखवलं. तिच्यामुळे माझ्या हातून एक निरपराध माणूस कोठडीत गेला नाही. तिचे आभार मानायचे तेव्हा राहून गेले, ते आज मानतो.