अब्ला इन्साफ निघाल्या हजला, बाशा निघाला होस्टेलात

सहाव्या वर्षी हजच्या सोडतीत अब्ला इन्साफचं नाव निघालं. तिसऱ्या मजल्यावरून जिन्यात डोकं काढून त्यांनी ही बातमी ओरडून सांगितली, आणि इमारतीतल्या झाडून साऱ्या बायकांनी जिभा हलवून आनंदाच्या किलकाऱ्या सुरू केल्या. त्या आवाजाने बाशा ओट्याखाली शिरला आणि तिथून जो भुंकायला लागला तो थांबेचना.

"ऐकलंस ना नर्मीन?" अब्ला मला म्हणाल्या. "मला अल्लाच्या घरचं बोलावणं आलंय, आणि या मेल्याला आत्ताच कंठ फुटलाय!"

अब्ला म्हणजे शाळेतल्या बाई; त्यांनी अलेक्झांड्रियाच्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं शिवण शिकवलं. मी त्यांचीच विद्यार्थिनी. काज एक धागा वाकडं गेलं तरी सगळं उसवायला लावत. लग्न केलं नाही. आणि कुत्रा त्यांनी कधी मागितला नव्हता. तो त्यांच्या धाकट्या भावाचा, लुत्फीचा. "ताई, पंधराच दिवस सांभाळ," म्हणून लुत्फी मस्कतला नोकरीवर गेला, त्याला सहा वर्षं झाली. बाशा म्हणजे तांबूस रंगाचा, एक कान पडलेला, गावठी, आडदांड कुत्रा. स्वयंपाकघर, घरातला बोळ आणि गॅलरी एवढं त्याचं राज्य. नमाजाच्या खोलीच्या उंबऱ्यावर नाक टेकून पडायचा, पण बोटभरही आत सरकायचा नाही. हे मात्र अब्लांनी शिकवलेलं.

आता चोवीस दिवस त्याला ठेवायचं कुठे? माझ्याकडे दोन मांजरी, म्हणजे मी बाद. इमारतीचा दरवान अम्म खलफ, म्हणजे खलफकाका, त्याने छातीवर हात ठेवला. "अब्ला, तुमचा शब्द डोक्यावर. पण माझी बायको म्हणते, कुत्रा आत आला तर ती बाहेर. आणि खरं सांगू, चपाती तीच भाजते." लुत्फीला फोन लावला तर तो मस्कतहून म्हणाला, "ताई, सोडून दे ना गल्लीत, गावठीच तर आहे." अब्लांनी त्याला काय सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. हजला जाणाऱ्या बाईने असं बोलू नये, असं फोन ठेवल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या, आणि तौबा करून पुन्हा थोडं बोलल्या.

शेवटी शहराबाहेर मरियूतकडे कुत्र्यांना ठेवून घेणाऱ्या मादाम फेबींचा पत्ता लागला. अम्म खलफ त्या जागेला 'कुत्र्यांचं होस्टेल' म्हणायचा, मग आम्हीही म्हणू लागलो. मादाम फेबी मोजकं बोलणाऱ्या. फोनवर त्यांनी यादीच सांगितली: लसींचं पुस्तक, खोकल्याची वेगळी लस, पिंजऱ्यात झोपायची सवय, कोरडं खाणं खायची सवय, मालकाच्या वासाचं न धुतलेलं अंथरूण, आणि आधी एक रात्र राहून बघायचं.

"मुलीला सासरी पाठवताना एवढं बघत नाहीत," अब्ला म्हणाल्या. तरी शाळेच्या वहीत त्यांनी यादी उतरवली आणि प्रत्येक ओळीपुढे चौकोन काढला.

लसींचं पुस्तक लुत्फीच्या म्हणण्याप्रमाणे कपाटाच्या खणात होतं. खणात त्याच्या लग्नाच्या तीन पत्रिका निघाल्या, पुस्तक नाही. म्हणून सगळ्या लसी पुन्हा. दवाखान्याच्या दारात बाशाने चारही पाय रोवले. मी पुढून ओढतेय, अब्ला मागून ढकलतायत, आणि रस्त्यावरचा शेंगदाणेवाला ओरडतोय, "उचलून घ्या हाज्जा, नवरदेव लाजतोय!" (हाज्जा आमच्याकडे कुठल्याही पोक्त बाईला म्हणतात.) आत गेल्यावर बाशा औषधांच्या कपाटामागे घुसला. अब्लांनी आपला वर्गातला आवाज काढला, "बाहेर ये! आत्ताच्या आत्ता!" डॉक्टरांचा मदतनीस घाबरून बाहेर आला. बाशा काही आला नाही. कपाट हलवावं लागलं.

मग खाण्याचं. बाशाची सवय म्हणजे भात, मुलुखियाच्या पाल्याचा रस्सा आणि कोंबडीच्या माना. मादाम फेबींकडे मिळणार कोरडे दाणे. अब्लांनी मूठभर दाणे भातात कालवले. बाशाने भात खाल्ला, रस्सा खाल्ला आणि एकेक दाणा चाटूनपुसून फरशीवर रांगेत ठेवला. दुसऱ्या दिवशी दाणे कुटून घातले. त्याने अब्लांकडे असं पाहिलं की मलाच अपराध्यासारखं वाटलं. शेवटी त्या खुर्ची ओढून समोर बसल्या आणि बोलायला लागल्या, "खा! लोकांच्या पोरांना भाकर मिळत नाही आणि तुझे नखरे! कोण समजतोस स्वतःला? उचल तो दाणा! हा पण!" आणि बाशाने मान खाली घालून सगळं संपवलं. तेव्हापासून रोज दोन्ही वेळेला वाडगा, खुर्ची आणि बोलणी. माझ्या घरात खाली सगळं ऐकू यायचं. माझा नवरा म्हणायचा, "अब्लांचा तास सुरू झाला."

पिंजरा बोळात मांडला. बाशा त्याच्या बाहेर, दाराला पाठ लावून झोपायचा. एका दुपारी फोन आला, "नर्मीन, वर ये. काही विचारू नकोस." वर गेले तर अब्ला कमरेपर्यंत पिंजऱ्यात. आत जायचं कसं ते करून दाखवायला गेल्या आणि कंबर धरली. बाशा बाहेर बसून शेपटी हलवतोय. मी पाय धरून ओढलं. बाहेर आल्यावर त्यांनी केस सारखे केले आणि म्हणाल्या, "हसलीस तर तुझ्या लग्नातला झगा कुणी उसवून पुन्हा शिवला ते सगळ्यांना सांगेन." मी हसले नाही. जिन्यात येऊन हसले.

या सगळ्यात त्यांची स्वतःची तयारी मागे पडत होती. मशिदीतल्या हजच्या वर्गाला दोनदा गेल्या, दोन्हीदा मधेच उठून आल्या. निघायला बारा दिवस असताना यात्रेच्या गटाची बैठक होती. मी सोबत गेले. गटप्रमुख हाज्ज बदरान, चष्मा नाकावर आलेला, एकेकाचे कागद तपासत होते. अब्लांनी ऐटीत पुस्तक पुढे केलं. "माझ्या सगळ्या लसी पूर्ण आहेत. एकही राहिलेली नाही."

हाज्ज बदराननी मोठ्याने वाचलं, "नाव बाशा. जात गावठी. वय नऊ." चष्मा वर सरकवून पुढे वाचलं, "जंतांचं औषध दिलेलं आहे."

खोली हसून लोटपोट झाली. अब्ला कानापर्यंत लाल झाल्या. पण खरी गोष्ट पुढे होती. बाशाचं नवंकोरं पुस्तक पूर्ण भरलेलं, आणि अब्लांनी स्वतः मेंदूज्वराची लस टोचून घेतलीच नव्हती! ती प्रवासाच्या दहा दिवस आधी घ्यावी लागते. "हाज्जा," हाज्ज बदरान हसू आवरत म्हणाले, "बाशाला तर आम्ही आजच विमानात बसवतो. तुमचं काय करायचं?"

परतीच्या टॅक्सीत, घराजवळ आल्यावर अब्ला म्हणाल्या, "सहा वर्षं मी या बोलावण्यासाठी रडले, नर्मीन. आणि नाव लागलं तर डोक्यात काय, कुत्र्याचा खोकला." दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही आरोग्य कचेरीच्या रांगेत होतो. लस मिळाली.

त्याच आठवड्यात बाशाच्या एका रात्रीच्या मुक्कामाची परीक्षा होती. न धुतलेलं अंथरूण ही अब्लांसाठी शिक्षाच, त्यांच्या घरात पायपुसणंसुद्धा इस्त्रीचं. जुना घरातला झगा तीन दिवस मुद्दाम अंगात ठेवून, त्यात वांगी तळून त्यांनी तो पिशवीत भरला. मादाम फेबींनी बाशाला घेतलं, आम्हाला म्हणाल्या, "मागे वळून बघू नका." अब्ला सात वेळा वळल्या.

मावळतीला फोन आला. बाशा वाडग्याला तोंड लावत नव्हता. नुसता रडत होता, आणि त्याच्या साथीने तिथले बावीस कुत्रे गळा काढून रडत होते. फोनमधून तो कल्लोळ ऐकू येत होता.

"मादाम, तुम्ही त्याला गोड बोलताय का?" अब्लांनी विचारलं.

"अर्थातच. कुरवाळतेय मघापासून."

"तिथेच चुकतंय! फोन त्याच्या कानाला लावा." आणि अब्ला सुरू झाल्या, "बाशा! लाज वाटत नाही? मादामच्या घरी जाऊन माझं नाव घालवतोस? हेच शिकवलं मी तुला? उचल दाणा! एक! दुसरा कोण उचलेल, तुझा मस्कतचा मामा?"

पलीकडे आधी रडणं थांबलं. मग कुरूम कुरूम आवाज आला. मादाम फेबी म्हणाल्या, "अब्ला, हे तुम्ही मला फोनवर रेकॉर्ड करून देऊ शकाल?"

अब्लांनी दोन भरून दिली, एक सकाळचं, एक संध्याकाळचं. संध्याकाळचं जास्त कडक होतं.

चोवीस दिवस बाशा ते ऐकत जेवला. शेवटच्या आठवड्यात, मादाम म्हणतात, शेजारच्या पिंजऱ्यातली एक लाडावलेली कुत्रीही तो आवाज लागला की मुकाट वाडग्यापाशी जायची.

अब्ला परतल्या त्या दिवशी इमारतीवर दिव्यांच्या माळा लावल्या होत्या, सरबत गार करून ठेवलं होतं, नातेवाईक जिन्यात ताटकळत होते. विमान दुपारी उतरलं आणि अब्लांचा पत्ता नाही. दोन तासांनी टॅक्सी आली. मागच्या सीटवर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत हाज्जा इन्साफ, पुढच्या सीटवर खिडकीबाहेर जीभ काढून बाशा. अम्म खलफच्या बायकोने तोंडाला पदर लावला. अब्ला म्हणाल्या, "काय बघतेस? त्याला गॅलरीत बांध, मी हातपाय धुऊन येते, मग मिठ्या मारा." आणि ती बाई, कशी कोण जाणे, बाशाचा पट्टा धरून वर गेली.

पाहुणे गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. त्या थकल्या होत्या, पाय सुजले होते. मी विचारलं, "अरफातच्या मैदानात दुआ करताना काय मागितलंत?"

त्या चिडल्या. "विचारू नकोस. कागदावर सगळी नावं लिहून नेली होती, तुझंही. ऊन, गर्दी, मी रडतेय, हात वर, आणि डोक्यात काय यावं? त्याने संध्याकाळचं खाल्लं असेल का! इतका राग आला मला स्वतःचा."

"मग?"

"मग काय. तिथे कुत्र्याचं नाव घ्यायची लाज वाटली. 'माझ्या घरात जे कोणी आहेत त्या सगळ्यांना सांभाळ' एवढं म्हटलं." त्यांनी सुजलेले पाय स्टुलावर ठेवले. "तो ऐकणारा समजून घेईल."