ठरलेला रस्ता सोडला तेव्हा

मंडळी, आज दुपारी जे घडलं ते सांगतो.

मी बिअरच्या कारखान्यात कारकून. खोकी भरलेली लॉरी घेऊन एस्प्लनेड भागातल्या गोदामाकडे निघालो होतो. मालावरचा अबकारी कर अजून भरायचा होता. अशा मालाने परवान्यात लिहिलेला रस्ता सोडला, की माल जप्त आणि सोबतच्या माणसाला अटक.

वाटेत खिदिरपूरला एका हातगाडीवाल्याच्या पायावरून त्याचीच भरलेली गाडी गेली. रक्त थांबेना. इस्पितळ उलट्या दिशेला. आमचा ड्रायव्हर हरिहर म्हणाला, "बाबू, तुम्ही सांगाल तसं."

मी म्हणालो, "त्याला मागे घे आणि वळव."

थोडं पुढे गेलो तर अबकारी इन्स्पेक्टरने लॉरी अडवली. परवाना वाचून म्हणाला, "हा रस्ता यात नाही."

"साहेब, हा माणूस मरेल."

त्याने मागे डोकावून पाहिलं आणि हरिहरशेजारी चढून बसला. "आधी इस्पितळ. मग ठाणं."

हातगाडीवाला वाचला. माल जप्त झाला. मी जामिनावर घरी आलोय आणि उद्या मालकांसमोर उभं राहायचंय. माझ्या जागी तुम्ही असता, तर लॉरी वळवली असती का?