सरांनी न चाखलेली वाइन

प्रा. दौलतराव मेश्राम सरांची आणि माझी पहिली भेट चंद्रपूरच्या कॉलेजात, स्टाफरूममधल्या माठापाशी झाली. ऐंशीच्या दशकातला तो उन्हाळा. मी इंग्रजी शिकवायला नुकतीच रुजू झाले होते, सर रसायनशास्त्र शिकवत. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले आणि आम्ही ख्रिस्ती, एवढे कळल्यावर त्यांनी पाण्याचा पेला माझ्या हाती दिला आणि गंभीरपणे विचारले, "बाई, तुम्ही कधी वाइन चाखली आहे?"

मी चाचरत म्हटले, "नाताळात. घरी."

"मग बरं झालं. मला एक जीभ हवी होती."

सर तेव्हा प्रयोगशाळेमागच्या खोलीत, रीतसर परवानगी काढून, मोहाच्या फुलांची वाइन करत होते. भट्टीची दारू नव्हे. फुले आंबवून, गाळून, निवळून केलेली. पण ती ते स्वतः चाखत नसत. छप्पन साली आईचे बोट धरून ते सावली गावाहून नागपूरला धम्मदीक्षेला गेले होते. मद्य शिवणार नाही हे पंचशीलातले पाचवे शील त्या माउलीने मुलाकडून मोठ्याने म्हणवून घेतले होते. सहकारी टोमणे मारत, "मेश्राम, घरी वंदना अन् कॉलेजात भट्टी?" सर हसून काचेची नळी पुसत राहत.

हा खटाटोप कशासाठी, ते मी आलापल्लीकडच्या एका वनग्रामात त्यांच्यासोबत गेले तेव्हा कळले. जैतूबाई तिथे पहाटे मोह वेचायची. घरात मोहाचे एक मडके सापडले म्हणून तिच्या नवऱ्याला ठाण्यात नेऊन बसवले होते. सर म्हणत, "फूल वेचलं तर वनोपज, आंबवलं तर गुन्हा. या गावाचं नाव फक्त ठाण्यातच निघावं का?"

परतीच्या एसटीत मी त्यांना आमच्या कॉन्व्हेंटमधल्या म्हाताऱ्या फ्रेंच सिस्टरांची गोष्ट सांगितली. त्यांचे गाव शाब्ली. तिथली पांढरी वाइन अजिबात गोड नसते, तिला ड्राय म्हणतात. तिथल्या मातीत जुन्या काळचे शिंपले आहेत आणि वाइनलाही शाब्लीच म्हणतात. गावाचे नाव घेताना सिस्टरांचे डोळे भरून येत. सर खिडकीबाहेरच्या सागाकडे बघत म्हणाले, "आपल्या बाटलीवर आलापल्ली लिहायचं."

पुढच्या खेपेला त्यांनी जैतूबाईला समजावले, की फुलातली सगळी साखर संपेपर्यंत आंबू द्यायचे, मग वाइन कोरडी होते.

"दारू अन् कोरडी?" जैतूबाई पदर तोंडाला लावून हसली. "मंग प्याची का चावाची, सर?"

"तूच सांग ना मले, तुयाच झाडाची हाय," सर म्हणाले. बायका हसून लोळल्या.

मी चाखायचे आणि सर फक्त वास घ्यायचे. "जिभेच्या कडेला लागते की मागे?" असे ते विचारत. मला मराठीत शब्द सापडत नसत. एकदा म्हटले, "अर्धवट पिकलेल्या चारासारखी." चारोळीच्या त्या जंगली फळाची ही उपमा त्यांना फार आवडली. माझे वडील गेले तेव्हा सर चर्चमध्ये शेवटच्या बाकाशी प्रार्थना संपेपर्यंत उभे होते. नंतर एवढेच म्हणाले, "बाई, सध्या चाखणं राहू द्या. मोह थांबेल."

अखेर वाइन साधली. धानाच्या वाळल्या तणसीसारखा फिका रंग, आणि गोडवा नावाला नाही. गावातल्या बायकांना ती करण्याचा परवाना मिळावा म्हणून मुंबईहून साहेब मंडळी पाहायला आली. जैतूबाई धुतलेले लुगडे नेसून दाराशी उभी होती. मुख्य साहेबांनी पेला सरांपुढे सरकवला.

"आधी करणाऱ्यानं घ्यावी."

सरांनी हात जोडले. "मी घेत नाही. आईला शब्द दिला आहे."

"तुम्हीच पीत नाही, ते आम्हांला पाजता?"

एका घोटाचा प्रश्न होता. सरांनी जैतूबाईकडे पाहिले. तीच म्हणाली, "राहू द्या, सर. मायले देल्ला शबूद कोनी मोडते का?"

परवाना मिळाला नाही. सरांनी ती खोली आवरली, एक बाटली मला दिली आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर तासाला गेले. पुढे पहाटे मोह पडायच्या दिवसांत मात्र ते दरवर्षी जैतूबाईच्या गावी जात राहिले.

गेल्या महिन्यात कपाट आवरताना ती बाटली हाती लागली. बूच सुकून आत गेले होते. सर घरी आले तेव्हा पुढे केली. त्यांनी वास घेतला, पुन्हा घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बाई, हिचा शिरका झाला की! व्हिनेगर! यात आता नशा उरली नाही. काकडी आहे का घरात?"

मी त्याचे दोन चमचे घालून कोशिंबीर केली. सरांनी पहिला घास बराच वेळ तोंडात घोळवला आणि डोळे मिटले.

"मोह आहे," ते म्हणाले. "अन् गोड नाई."

सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांना उदंड आयुष्य आणि धडधाकट दात लाभोत. बाटलीत अजून पुष्कळ शिल्लक आहे आणि माझ्या परसात काकडीचा वेल चढतो आहे.